बाणकोटकर

फहाहीलच्या आमच्या खिडकीतून दोन चंद्र दिसतात.
एक खरा,
आणि एक रिफायनरीच्या चिमणीवरचा,
जो अमावास्येलाही मावळत नाही.
मुनीब लहान असताना ईदचा चंद्र
त्या ज्वाळेत शोधायचा.

आता तो एकोणीस वर्षांचा आहे. चंद्र फोनवर बघतो.
पँट घोट्याच्या वर दुमडतो
आणि गुरुवारी रात्री अम्मी सांदणांचं ताट पुढे घेऊन
फातिहा द्यायला बसली की
उठून जातो.
"हे दीनमध्ये नाही," म्हणतो,
इतक्या हळू, की भांडताही येत नाही.
अम्मी ओढणी पुढे ओढते, ओठ हलवत राहते,
सांदणं गार होतात.

मध्यरात्री फ्रिजचा दिवा लागतो.
त्या उजेडात मुनीब, उभ्याउभ्या,
एक सांदण. मग दुसरं.
बसून खाणं सुन्नत आहे,
हे मी त्याला सांगत नाही.

मी कुठली, हे विचारणारे पुष्कळ.
बकाल्यातला मिसरी म्हातारा पावाचे पैसे मोजताना
"हिंदी?" म्हणतो.
इथे हिंदी म्हणजे भाषा नाही, माणूस.
मी मान हलवते.
सुट्टीत गावी गेले, की जेटीवरची पोरं ओरडतात,
"कुवेतवाली आयली रे!"
आणि शाळेत नव्या बाई हजेरी घेताना अडखळल्या :
"बाणकोटकर? मग रुमैसा कशी?"
वर्ग हसला. मीही हसले.
वर्गाबरोबर हसलं
की प्रश्न लवकर पुढच्या बाकावर जातो.

मशिदीत कोणी विचारत नाही, अब्बा म्हणतात.
खांद्याला खांदा. खरं आहे ते.
पण मी जिन्यावरून पाहिलंय,
ज्या मुदीरच्या शेजारी अब्बांचं कपाळ टेकलेलं असतं,
त्याच्याच गाडीचं दार उघडायला
ते चपला हातात घेऊन धावतात.
घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले,
"डांबर तापलेलं होतं, म्हणून धावलो."
चपला हातात असताना.

मंगळवारी कुराणाच्या वर्गात
अबला नुहा माझं एकच अक्षर तीन वर्षं दुरुस्त करतायत.
मी ज्वाद म्हणते, त्यांना दाद हवा.
"जीभ दाढेला लाव, रुमैसा, दाढेला."
माझी दाढ कोकणातली आहे, हे कसं सांगू?
एकदा त्या वैतागून म्हणाल्या, तुझं आडनाव तरी नीट सांग.
बानकुतकर, म्हणाल्या. बान-कोत-कर.
ट काही केल्या येईना.
मी म्हटलं, जीभ वर वळवा, अबला, वर. टाळूला.
त्या हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा
तोंडावर हात न ठेवता.

मग अर्थ विचारला.
बाणकोट म्हणजे गाव, म्हटलं. खाडीच्या तोंडाशी.
कर म्हणजे तिथली.
राहत नसली, तरी तिथलीच.
अबला खडू घेऊन फळ्याशी थांबल्या.
त्यांच्या ओळखपत्रावर अल-हलबी लिहिलेलं आहे,
हलबला त्या अकरा वर्षांत गेलेल्या नाहीत.
"म्हणजे मी हलबकर," त्या म्हणाल्या.
खडू तसाच खाली ठेवला
आणि पान उलटायला सांगितलं.

रात्री अम्मी मुसल्ल्यावर बसून राहते.
अरबी संपते, मग तिचं स्वतःचं सुरू होतं :
"या अल्ला, माज्या पोरांना सांभाल.
ह्यांच्या इकाम्याचा बघ.
गावच्या घराचा पत्रा उडाला नको.
मुनीबला भूक लागली की तो सांगत नाय,
तूच बघ."

एकही अक्षर दाढेला लागत नाही.

मुनीब दाराशी उभा असतो.
आत येत नाही. जातही नाही.
एसी घरघरतो, बाहेर ती चिमणी पेटलेली.
अम्मी तोंडावरून हात फिरवते, आमीन म्हणते.
अजून कोण कोण म्हणालं,
मी वळून पाहिलं नाही.